राखेचा कौल

डोंबिवलीच्या मानपाड्यापासून काही मैलांवर, ठाकुर्लीजवळच्या चोळे गावच्या शिवारात, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने 1929 च्या सुमारास जे वीजगृह उभारले, त्याला आसपासची माणसे पुढे कित्येक वर्षे ‘चोळा पॉवर हाउस’ याच नावाने ओळखत आली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर विजेची पहिली गाडी धावली होती, आणि त्यानंतर पाचएक वर्षांच्या आत थळ आणि बोर हे दोन्ही घाट विजेच्या तारांखाली आणण्याचा कंपनीचा संकल्प सिद्धीस गेला होता. एवढ्या अवजड गाड्या सह्याद्रीवर चढवायच्या तर स्वतःच्या हुकमतीतली, खात्रीची वीज हवी, या हिशेबाने कंपनीने कोळशाचे हे केंद्र काढले. कल्याणसारखे जंक्शन, उल्हास नदीचे पाणी आणि रुळांवरून थेट येणारा कोळसा या तिन्ही सोयी एकत्र सापडल्यामुळे जागेची निवड चोख होती. 1980 च्या दशकात ते केंद्र थंडावले; परंतु तोवर त्याच्या दक्षिणेला, मानपाडा रस्त्याच्या दोहों बाजूंस, रंग, औषधे आणि रसायने यांच्या कारखान्यांची एक वसाहतच उभी राहिली होती, आणि धुराचा वारसा त्या वसाहतीकडे आला होता.

चोळ्याच्या धुराचा एक भाग असा होता की, त्याचे माप घ्यावे हे त्या काळच्या कोणत्याही खात्याला सुचणे शक्य नव्हते. कोळसा जळताना त्याच्यातला नायट्रोजन, आणि ज्वाला पुरेशी प्रखर असेल तर हवेतलाही थोडा नायट्रोजन, प्राणवायूशी संयोग पावतो. त्यातून प्रथम नायट्रिक ऑक्साइड हा वर्णहीन वायू आणि मागाहून नायट्रोजन डायऑक्साइड हा तांबूस, उग्र वायू तयार होतो. अभियंते या दोघांना मिळून ‘नॉक्स’ म्हणतात. हा वायू पावसात उतरला की आम्ल होतो, आणि उन्हात इतर बाष्पांशी मिसळला की जमिनीलगतचा ओझोन निर्माण करतो. ही दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातील रसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचा अभ्यास करून दाखवून दिली, तेव्हा चोळ्याचे वीजगृह वीसएक वर्षांचे जुने झाले होते.

या वायूचा बंदोबस्त कसा करावा, याचे उत्तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण सुंदर आहे. धुरात मोजका अमोनिया सोडावा; अमोनिया आणि नायट्रिक ऑक्साइड एकमेकांना भिडले की दोघांचाही अंत होतो आणि मागे उरतात ते निव्वळ नायट्रोजन आणि पाण्याची वाफ, म्हणजे ज्या हवेतून हे सारे आले त्या हवेचेच घटक. अडचण एवढीच की, ही भेट आपोआप घडायला सुमारे 900 ते 1000 अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते. तीच 300 ते 400 अंशांवर घडवून आणायची, तर मध्ये उत्प्रेरक हवा. अमेरिकेतील एंगलहार्ड कंपनीने 1957 साली या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यांचा भर प्लॅटिनमच्या वर्गातील धातूंवर होता. परंतु प्लॅटिनम ज्या तापमानाला उत्तम चालते ते तापमान इतके खालचे की, तेथे अमोनियम नायट्रेटसारखा स्फोटक क्षार साठण्याची धास्ती असते. कल्पना सिद्ध झाली, पण वीजगृहाच्या राखाळ, गंधकाळ धुरात तिला उभे करण्याचे काम बाकी राहिले.

पाठ्यपुस्तकातली व्याख्या अशी की, उत्प्रेरक क्रियेला वेग देतो आणि स्वतः अविकृत राहतो. धुराने या व्याख्येच्या उत्तरार्धाला दिलेले आव्हान, आणि प्रत्येक देशाच्या कोळशाने ते आव्हान आपापल्या परीने कसे दिले, हा या लेखाचा विषय आहे.

पहिला सामना जपानात झाला. योक्काइची या बंदरातील तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांमुळे दम्याने जर्जर झालेल्या रहिवाशांनी सहा कंपन्यांवर दावा लावला आणि 24 जुलै 1972 रोजी न्यायालयाने त्या सहाही कंपन्यांना जबाबदार धरले. दुसऱ्याच वर्षी, 1973 मध्ये, जपान सरकारने हवेतील नायट्रोजन डायऑक्साइडसाठी दैनिक सरासरी 0.02 पीपीएम इतकी कडक मर्यादा घातली. ती 1978 मध्ये सैल करून 0.04 ते 0.06 पीपीएमवर आणावी लागली हे खरे. पण मधल्या पाच वर्षांत त्या कडक हुकमाच्या धाकाने जपानी कारखानदारांनी जे संशोधन उरकले, त्यावर सारे जग आजही चालले आहे. ज्या हुकमाच्या पाठीशी संशोधनाची तयारी असते तो हुकूम मागाहून शिथिल झाला तरी वाया जात नाही, हे या प्रसंगावरून दिसते. आपल्याकडच्या कथेकडे वळताना याची आठवण ठेवावी लागेल.

जपान्यांनी आरंभी ॲल्युमिनाचा पाया घेतला. तो स्वस्त, कणखर आणि तेलशुद्धीकरणात मुरलेला होता. परंतु धुरातील गंधकाच्या ट्रायऑक्साइडने त्याला गाठले: ॲल्युमिनाचे हळूहळू ॲल्युमिनियम सल्फेट बनू लागले, त्याची सूक्ष्म रंध्रे बुजली, आणि उत्प्रेरक निकामी होऊ लागला. शोधाअंती जो पदार्थ गंधकाला दाद देत नाही असा आढळला, तो टायटॅनियमचा ऑक्साइड, म्हणजे भिंतींना लावण्याच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत जे इल्मेनाइट आहे, ते याच टायटॅनियमचे खनिज. त्या पायावर एक-दोन टक्के व्हॅनेडियम पेंटॉक्साइड आणि सोबत टंगस्टनचा ऑक्साइड, अशी जी मात्रा बसली तीच, थोड्याफार फरकाने, कोळशाच्या वीजगृहांत आजवर टिकून आहे. व्हॅनेडियम हा गंधकाम्लाच्या कारखानदारांचा जुना सोबती. अंबरनाथला 1919 साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीपासून ज्या पट्ट्यात गंधकाम्लाचा धंदा चालत आला, तेथील रसायनज्ञाला त्याचा गुण नव्याने सांगायला नको. गंधकाच्या डायऑक्साइडचे ट्रायऑक्साइड करणे, हा गुण गंधकाम्लाच्या भट्टीत हवाहवासा, पण धुराच्या वाटेवर घातक ठरतो. कारण ते ट्रायऑक्साइड उरल्यासुरल्या अमोनियाशी मिळून अमोनियम बायसल्फेट नावाचा चिकट क्षार बनवते, आणि तापमान 300 अंशांच्या आसपास घसरले की तो क्षार उत्प्रेरकाच्या रंध्रांत आणि पुढच्या हवातापकात जाऊन बसतो. म्हणूनच व्हॅनेडियमची मात्रा इतकी हात राखून घालतात. या पद्धतीने चालणारे कोळशाचे पहिले वीजगृह 1980 साली शिमोनोसेकी येथे, 175 मेगावॅटच्या संचावर, सुरू झाले.

हा उत्प्रेरक हाती घेऊन पाहावा असा असतो. सुमारे 15 सेंटिमीटर चौरस आणि मीटरभर लांब असा फिकट पिवळसर, भाजलेल्या मातीसारखा ठोकळा. त्याच्या एका तोंडातून पाहिले तर वीस रांगांत वीस अशी 400 चौकोनी भोके आरपार जातात, प्रत्येक भोक जेमतेम सहा-सात मिलिमीटरचे, आणि मधली भिंत मिलिमीटरभराची. अभियंते त्याला ‘हनीकोंब’ म्हणतात. असे हजारो ठोकळे पोलादी चौकटींत रचून त्यांचे दोन-तीन थर धुराच्या वाटेत आडवे टाकतात, आणि धूर वरून खाली त्या भोकांतून सेकंदाला काही मीटर वेगाने धावतो. पण खरे काम त्या भोकांत चालत नाही. ते भिंतीच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या रंध्रांत चालते. एका ग्रॅम मालाच्या पोटात पन्नास चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग दडलेला असतो, म्हणजे डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या एका बिऱ्हाडाइतकी जागा. त्या पृष्ठभागावरची आम्लधर्मी ठिकाणे अमोनियाला धरून ठेवतात, आणि तेथे आलेल्या नायट्रिक ऑक्साइडचा निकाल लागतो. ही ठिकाणे कोणी बळकावली, किंवा तेथवर जाणारी वाट कोणी बुजवली, की ठोकळा जसाच्या तसा दिसत असला तरी निर्जीव झाला, असे समजावे.

ठिकाणे बळकावणाऱ्याची सर्वांत नाट्यमय कथा जर्मनीत घडली. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी पश्चिम जर्मनीत अरण्ये वाळत चालल्याच्या वार्तेने जनमन हादरून गेले. गटिंगनचे मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिश यांनी आम्लवर्षावाविषयी दिलेले इशारे घरोघर चर्चिले जाऊ लागले, आणि 1981 च्या नोव्हेंबरात ‘डेर श्पिगेल’ साप्ताहिकाने अरण्य मरत असल्याची मुखपृष्ठकथा छापली. 1983 च्या जुलैत मोठ्या भट्ट्यांसंबंधीचा नवा कायदा अंमलात आला, आणि 1984 च्या एप्रिलमध्ये केंद्रातल्या व प्रांतांतल्या पर्यावरणमंत्र्यांनी मोठ्या वीजगृहांच्या धुरात नॉक्स घनमीटरमागे 200 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे ठरवून टाकले. भट्टीतील ज्वाला नियंत्रित करून एवढे साधणारे नव्हते. उत्प्रेरक अपरिहार्य झाला. जर्मन कंपन्यांनी जपानकडून विद्या घेतली, करारमदार झाले, आणि देशातील अनेक वीजगृहांत, मुख्य धुरातून एक बारीक धारा बाजूला काढून तिच्यावर, छोटे प्रयोगसंच चालवून पाहण्यास आरंभ झाला.

या प्रयोगांतील काही संच जपानी अनुभवाप्रमाणे वर्षानुवर्षे उत्तम चालले. आणि काही संच, तोच माल, तेच तापमान, तोच अमोनिया असताना, काही हजार तासांतच मंदावले. ठोकळे बुजलेले नव्हते, झिजलेले नव्हते, त्यांच्यावर राखेचा थरही विशेष नव्हता. मंदावलेले संच बहुतेक एकाच प्रकारच्या भट्ट्यांच्या मागे होते, हे जेव्हा ताळेबंद मांडल्यावर ध्यानात आले, तेव्हा शोधाला दिशा मिळाली. जर्मनीतल्या पुष्कळ भट्ट्या राख वितळवणाऱ्या होत्या: चौदाशे अंशांच्या वरच्या उष्णतेत राखेचा रस होऊन तो तळाशी वाहतो, पाण्यात पडून काचेसारखे दाणे होतात आणि ते रस्त्यांच्या कामाला विकले जातात. धुराबरोबर उडून गेलेली बारीक राखही गाळणीत धरून पुन्हा भट्टीत टाकायची आणि तिचेही दाणे करायचे, अशी काटकसरीची रीत या भट्ट्यांत होती. राखेचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही. या काटकसरीतच विषाचे मूळ होते. कोळशात लेशमात्र असलेले आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, भट्टीत वाफ होऊन धुराबरोबर निघते आणि धूर निवत जाताना राखेच्या कणांवर बसते. ती राख पुन्हा भट्टीत गेली की सोमलाची पुन्हा वाफ होते. दाण्यांबरोबर तो बाहेर पडत नाही, कारण वितळलेल्या काचेत तो राहत नाही. आणि राख तर परत आतच येते. बाहेर जाण्याची वाट नसलेला हा पाहुणा फेऱ्यागणिक वाढत गेला, आणि मूळ कोळशात क्षुल्लक वाटणारे प्रमाण धुरात कितीतरी पटींनी चढले.

वायुरूप सोमलाचा रेणू इतका लहान की, राखेचा कण जेथे फिरकू शकत नाही अशा रंध्रांत तो सहज शिरतो. आत व्हॅनेडियमच्या सान्निध्यात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन तो पृष्ठभागाला कायमचा चिकटतो, आणि अमोनियाची जागा अडवून बसतो. उत्प्रेरक स्वतःच्याच गुणाने आपल्या शत्रूला आत स्थिर करतो, यासारखी दुर्दैवी गोष्ट रसायनशास्त्रात थोडी सापडेल. जपानात हे घडले नाही, कारण तेथील भट्ट्या कोरड्या राखेच्या होत्या आणि उडालेली राख एकदाच जाऊन निघून जात असे. म्हणजे परक्या देशात वीस हजार तास टिकल्याचे प्रशस्तिपत्र घेऊन आलेला माल येथे वर्षभरही टिकेना, आणि त्यात मालाचा काहीच दोष नव्हता.

उपाय दोन बाजूंनी आले. कोळशात टक्का-दोन टक्के चुनखडी मिसळली की भट्टीत तिचा चुना होतो, तो सोमलाला धरून कॅल्शियम आर्सेनेट या घन रूपात बांधून ठेवतो आणि वायुरूप विष घटते. दुसरीकडे टंगस्टनच्या जागी मॉलिब्डेनमचा ऑक्साइड घातलेले, सोमलाला अधिक दाद न देणारे ठोकळे तयार झाले, आणि रंध्रांचा आकारही बदलून पाहण्यात आला. 1990 च्या सुमारास जर्मनीत सुमारे 30,000 मेगावॅट क्षमतेवर ही यंत्रणा बसलेली होती. त्या यशात प्रयोगसंचांचा वाटा मला सर्वांत मोठा वाटतो. कारण आपल्या धुराला आधी विचारून मग मोठा खर्च करावा, ही शिस्त नसती, तर सोमलाचा शोध पुऱ्या आकाराची यंत्रणा निकामी झाल्यावर लागला असता.

सोमलाला बांधणारा चुना हाही निर्दोष मित्र नव्हे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील पावडर रिव्हर खोऱ्यातील कोळशाच्या राखेत चुना इतका की, तो ठोकळ्याच्या भिंतीवर बसून गंधकाच्या ट्रायऑक्साइडशी मिळतो, त्याचे जिप्सम-वर्गातले सल्फेट होऊन फुगते, आणि रंध्रांच्या तोंडावर पांढरी पापुद्र्यासारखी खपली धरते. डेन्मार्कात गव्हाचे काड जाळून वीज करण्याची योजना निघाली, तेव्हा तिसरा शत्रू पुढे आला: काडातले पोटॅशियम. ते क्लोराइड व सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने येते आणि अमोनियाला धरणारी आम्लधर्मी ठिकाणेच उदासीन करून टाकते. त्या पोटॅशियमचा काही भाग पाण्याने धुऊन काढता येतो, आणि सौम्य गंधकाम्लाने ठोकळ्याला पुन्हा जागे करता येते. जर्मनीत आणि अमेरिकेत ठोकळे धुऊन, त्यांत नवे व्हॅनेडियम भरून परत देण्याचा धंदाच उभा राहिला.

आता महाराष्ट्राकडे यावे. धुराच्या शुद्धीकरणात आपला प्रांत मागासलेला होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ट्रॉम्बे येथे टाटांच्या 500 मेगावॅटच्या पाचव्या संचाला, जो 1984 साली चालू झाला आणि देशातला त्या आकाराचा पहिला संच होता, 1988 मध्ये समुद्राच्या पाण्याने गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसली. असे काम या देशात त्यापूर्वी झाले नव्हते. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणूच्या चिकूच्या बागांलगत 500 मेगावॅटचे केंद्र मंजूर झाले, तेव्हा तेथील नागरिकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. न्यायालयाच्या 1996 च्या निकालान्वये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, आणि त्या प्राधिकरणाने 1999 मध्ये गंधक काढण्याची यंत्रणा बसवण्याचा हुकूम दिला. ती चालू झाली 2007 मध्ये. मुदतवाढ, हरकत, फेरविचार यांत गेलेली ती वर्षे पाहिली, म्हणजे धुरासंबंधीचा हुकूम आणि त्याची अंमलबजावणी यांत आपल्याकडे किती अंतर पडते, याचा अंदाज येतो. परंतु प्राधिकरणाने हुकूम मागे घेतला नाही, ही गोष्ट धर्माधिकारींच्या नावावर आदराने रुजू करून ठेवली पाहिजे. तथापि हे सारे गंधकाचे झाले. नॉक्सचा प्रश्न आणखी पुष्कळ वर्षे तसाच राहिला.

7 डिसेंबर 2015 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जी अधिसूचना काढली, तिने कोळशाच्या वीजगृहांना प्रथमच नॉक्सची मर्यादा घातली: 2003 च्या अखेरपर्यंतच्या संचांना घनमीटरमागे 600 मिलिग्रॅम, 2004 ते 2016 मधल्यांना 300, आणि 2017 पासूनच्यांना 100. शंभराची मर्यादा म्हणजे उत्प्रेरकाची सक्तीच. जुन्या संचांना दोन वर्षांची मुदत होती. कागदावर हे आकडे जर्मनीच्या तोडीचे होते. पण ज्या कोळशाच्या धुराला ते लागू व्हायचे, त्या कोळशाची प्रकृती जर्मन नव्हती.

चंद्रपूर-बल्लारपूरच्या वर्धा खोऱ्यात, आणि एकंदर गोंडवन-कुळातल्या आपल्या बहुतेक कोळशात, राखेचे प्रमाण 35 ते 45 टक्क्यांपर्यंत असते; ही माती दगडी कोळशाच्या कणाकणात अशी मिसळलेली असते की धुऊनही ती पुरती निघत नाही. 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला सुमारे आठ हजार टन कोळसा जाळतो. चाळीस टक्के राख धरली तर तीन हजार टनांहून अधिक राख झाली, आणि तिच्यातला चार-पंचमांश भाग धुराबरोबर उडतो. राख धरणारी गाळणी उत्प्रेरकाच्या पलीकडे असते. म्हणजे रोज अडीच हजार टन राख त्या सहा-सात मिलिमीटरच्या भोकांतून जायची. शिवाय ती मऊ राख नव्हे. तिच्यात सिलिका पन्नास-साठ टक्क्यांच्या घरात, तिच्यातले क्वार्ट्झचे कण पोलादही खरवडतील असे. ते ठोकळ्याच्या वरच्या कडा झिजवतात आणि भिंती पातळ करतात. दुसऱ्या बाजूने पाहता, आपल्या कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, चुनाही बेताचा, त्यामुळे अमेरिकेतली पांढरी खपली किंवा चिकट बायसल्फेटाचा उपद्रव येथे पूर्ण भारावर कमी असायला हवा. पण सोमल थोडका असला तरी त्याला बांधायला चुनाही थोडकाच, हेही विसरून चालत नाही. सारांश, विषापेक्षा झीज आणि बुजणे, हे आपल्या राखेचे स्वतःचे हत्यार आहे. त्यावर उपाय म्हणून भोके मोठी करावी, तर तेवढ्याच कामाला ठोकळ्यांची संख्या वाढते. वरच्या कडा कठीण कराव्या, तर तेवढा भाग कामातून जातो. आणि धुराची गती कमी करावी, तर राख भोकांतच साचते.

अधिसूचना निघाल्यानंतर एनटीपीसी या सरकारी वीजकंपनीने आपल्या केंद्रांवर निरनिराळ्या कंपन्यांच्या उत्प्रेरकांच्या छोट्या प्रमाणावर चाचण्या घेतल्या. या चाचण्या आधी व्हायला हव्या होत्या. जर्मनीत हुकूम आणि प्रयोग हातात हात घालून चालले होते. आपल्याकडे हुकूम पुढे गेला आणि राखेची चौकशी मागून सुरू झाली, आणि जेव्हा चौकशीतून अडचणी दिसू लागल्या तेव्हा त्या अडचणींचे रूपांतर संशोधनाच्या मागणीत होण्याऐवजी सवलतीच्या मागणीत झाले. 2019 मध्ये 300 ची मर्यादा 450 करण्याचा प्रस्ताव सर्वोच्च न्यायालयापुढे मान्य झाला आणि 2020 च्या ऑक्टोबरात तशी अधिसूचना निघाली. 450 चा आकडा ज्वालेच्या नियमनाने, म्हणजे कमी नॉक्सचे बर्नर आणि वरून सोडलेली हवा यांनीही गाठता येतो. त्यामुळे 2004 ते 2016 च्या संचांपुरता उत्प्रेरकाचा प्रश्न मिटला. अभियंत्यांचे म्हणणे निराधार होते, असे मी मुळीच म्हणत नाही. जो माणूस रोज ती राख हाताळतो, त्याला तिच्या स्वभावाची जाण असते, आणि सौरऊर्जा वाढल्यामुळे दुपारी भार निम्म्यावर आणावा लागणाऱ्या संचात धुराचे तापमान खाली येऊन बायसल्फेट साठण्याची त्यांची भीतीही रास्त आहे. माझी तक्रार आहे ती मिळालेल्या सवलतीच्या काळाचा उपयोग काय केला याविषयी. नागपूरची नीरी ही पर्यावरण-संशोधन संस्था 1958 पासून आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 पासून ज्या प्रांतात आहे, ज्या प्रांताच्या किनाऱ्यावर टायटॅनियमचे खनिज आहे, त्या प्रांताने गोंडवनी राखेला टिकणारा ठोकळा घडवणे हे आपले काम मानायला काय हरकत होती?

हे काम कोणासाठी करायचे, हेही आकड्यांनी सांगितलेले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची जी गुणपत्रिका काढली, तिच्यात चंद्रपूरला 83.88 आणि डोंबिवलीला 78.41 गुण पडले. जास्त गुण म्हणजे जास्त दूषित, आणि ही दोन्ही ठिकाणे अतिदूषित ठरली. कोळसा जेथून निघतो ते गाव आणि मानपाड्याच्या आसपासची रसायनांची वसाहत एकाच यादीत आली. राखेच्या या हिशेबात मागाहून आणखी एक भर पडली: 2021 च्या ऑक्टोबरात ऊर्जा मंत्रालयाने कोळशात पाच टक्के जैविक इंधनाच्या कांड्या मिसळण्याचे धोरण जाहीर केले. शेतातले काड उघड्यावर जाळण्यापेक्षा ते शतपट चांगले; पण त्या कांड्यांबरोबर डेन्मार्कातले ते पोटॅशियमही येणार आहे, आणि 2017 नंतरच्या ज्या संचांवर उत्प्रेरक बसायचे आहेत, त्यांची मापे ठरवताना त्याचा हिशेब आताच धरला पाहिजे.

ठाण्यातला दुसरा मानपाडा घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि तेथे हीच कथा चाकांवर आली आहे. न्हावा-शेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे ट्रक आणि कंटेनर याच रस्त्याने जातात. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 निकष लागू झाले, डिझेलमधले गंधक 50 पीपीएमवरून 10 वर आले, आणि मोठ्या वाहनांच्या धुराच्या नळीत अमोनियाचा तोच प्रयोग सर्रास होऊ लागला. फक्त अमोनिया बाटलीत न नेता युरियाच्या 32.5 टक्के द्रावणातून, गरम धुरात फवारून, जागच्या जागी तयार करतात. निळ्या झाकणाच्या त्या टाकीला चालक सरळ ‘युरियाची टाकी’ म्हणतात. टाकीच्या तोंडाशी सांडलेले द्रावण वाळून पांढरी स्फटिकांची किनार धरते. या द्रावणात कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम यांपैकी प्रत्येक किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत, फॉस्फेट तेवढेच, आणि बाययुरेट 0.3 टक्क्याच्या आत, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्यामागचे कारण जर्मनीच्या आणि डेन्मार्कच्या कथेत आलेच आहे. शेतीचा अनुदानित युरिया 2015 पासून पुरताच निंबोळी तेल लावलेला असतो. स्वस्ताईच्या लोभाने कोणी तो पाण्यात विरघळवून टाकीत ओतला, तर त्या तेलाबरोबर आणि मातीच्या क्षारांबरोबर हजारो रुपयांचा उत्प्रेरक मातीमोल होतो. याशिवाय इंजिनाच्या वंगणातले फॉस्फरस आणि जस्त थोडे-थोडे येत राहतेच. तांबे आणि झिओलाइट यांचे जे उत्प्रेरक वाहनांत असतात, त्यांना गंधकाची बाधा थंड स्थितीत विशेष होते. तापमान पाचशे अंशांवर नेले की ती बरीचशी उतरते.

पण गायमुखच्या घाटात आणि मानपाडा चौकात जी कोंडी होते, तिच्यात तापमान चढणार कसे? इंजिन चालू, गाडी उभी. धूर 200 अंशांच्या खाली उतरला की युरियाचा फवारा बहुधा थांबतो, कारण त्याहून थंड धुरात युरिया फुटण्याऐवजी नळीत घट्ट पुटे धरतो. त्या वेळी उत्प्रेरक धडधाकट असूनही कामाचा राहत नाही, आणि इंजिनाचा नॉक्स जसाच्या तसा रस्त्यावर येतो. 1 एप्रिल 2023 पासून वाहनांची तपासणी प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावरही करण्याचा नियम लागू झाला आहे, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्था ती करतात. उत्प्रेरकाचा एक भाग इंजिनाच्या अगदी निकट बसवून तो लवकर तापवायचा, ही तजवीज परदेशात सुरू झाली आहे. आपल्या पुढल्या निकषांचा विचार होईल तेव्हा तपासणीच्या मार्गात मोकळ्या महामार्गाबरोबर सायंकाळच्या कोंडीतला घोडबंदर रस्ताही घालावा, आणि त्या अर्ध्या तासात नळीतून निघालेला नॉक्स मोजूनच वाहनाला दाखला द्यावा.